टॉवेलच्या कार्डावरची नऊ वाक्ये: ॲडव्हर्ब क्लॉज आखूड करताना नेमके काय चुकते

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला हा टेरी टॉवेलचा कारखाना. सोलापुरी चादरीप्रमाणे सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि या कारखान्याचा माल परदेशात जातो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संचात एक छोटे छापील कार्ड घालतात: टॉवेल कसा धुवायचा, कसा वाळवायचा, काय टाळायचे. कार्डाचा मजकूर लिहिण्याचे काम निर्यात विभागातल्या एका तरुण कारकुनाकडे होते. शिक्षण मराठी माध्यमातून, घरात तेलुगू, कामावर मराठी आणि हिंदी, इंग्रजी मेलपुरते. शहराच्या पूर्व भागात हे चित्र घरोघरी दिसते. ओळख उघड होऊ नये म्हणून कारखान्याचे, खरेदीदाराचे आणि व्यक्तींचे नाव इथे दिलेले नाही.

कारकुनाने आधी लिहिलेली नऊ वाक्ये अशी होती. प्रत्येकाची सुरुवात ॲडव्हर्ब क्लॉजने होते, म्हणजे केव्हा, का किंवा कोणत्या अटीवर हे सांगणाऱ्या उपवाक्याने. ती सगळी व्याकरणदृष्ट्या बरोबर होती, हे लक्षात ठेवून वाचावीत.

१. बिफोर यू यूज द टॉवेल फॉर द फर्स्ट टाइम, वॉश इट सेपरेटली.
२. व्हेन यू वॉश डार्क कलर्स, यूज कोल्ड वॉटर.
३. बिकॉज द टॉवेल इज मेड ऑफ प्युअर कॉटन, इट मे श्रिंक स्लाइटली इन द फर्स्ट वॉश.
४. व्हाइल द टॉवेल इज वेट, डू नॉट लीव्ह इट इन अ पाइल.
५. इफ अ लूप गेट्स पुल्ड, कट इट विथ सिझर्स.
६. बिकॉज फॅब्रिक सॉफ्टनर कोट्स द फायबर्स, द टॉवेल ॲब्झॉर्ब्ज लेस वॉटर.
७. आफ्टर द टॉवेल हॅज बीन वॉश्ड थ्री ऑर फोर टाइम्स, इट बिकम्स मोअर ॲब्झॉर्बंट.
८. ऑलदो द कलर्स आर फास्ट, दे मे रिलीज अ लिटल डाय इन द फर्स्ट वॉश.
९. व्हेन यू ड्राय द टॉवेल इन अ टम्बल ड्रायर, द हीट शुड बी लो.

एकूण १११ शब्द. खरेदीदाराने अक्षराचा किमान आकार ठरवून दिला होता आणि त्या आकारात कार्डावर जास्तीत जास्त ९० शब्द मावत होते. म्हणजे २१ शब्द कमी करायचे, तेही एकही सूचना न गाळता.

अडचण

असे उपवाक्य आखूड करण्याची शिकवणीतली एक कृती कारकुनाला पाठ होती: सब्जेक्ट काढा, ‘बी’ क्रियापद काढा, उरलेल्या क्रियापदाला ‘इंग’ लावा. स्पर्धा परीक्षांच्या वर्गात ती फळ्यावर अशीच लिहून देतात आणि ‘वाक्य बदला’ प्रकारच्या प्रश्नात ती बहुतेक वेळा चालतेही. कारण तिथे प्रश्न काढणाऱ्याने आखूड करता येईल असेच वाक्य निवडलेले असते. ते निवडण्याचे काम विद्यार्थ्याला कधी करावेच लागत नाही. सारी गडबड इथून सुरू होते.

कृती नऊ वाक्यांवर चालवल्यावर पुढील मजकूर तयार झाला:

१. बिफोर यूजिंग द टॉवेल फॉर द फर्स्ट टाइम, वॉश इट सेपरेटली.
२. व्हेन वॉशिंग डार्क कलर्स, यूज कोल्ड वॉटर.
३. बिकॉज मेड ऑफ प्युअर कॉटन, इट मे श्रिंक स्लाइटली इन द फर्स्ट वॉश.
४. व्हाइल वेट, डू नॉट लीव्ह इट इन अ पाइल.
५. इफ पुल्ड, कट इट विथ सिझर्स.
६. कोटिंग द फायबर्स, द टॉवेल ॲब्झॉर्ब्ज लेस वॉटर.
७. आफ्टर वॉशिंग थ्री ऑर फोर टाइम्स, इट बिकम्स मोअर ॲब्झॉर्बंट.
८. ऑलदो फास्ट, दे मे रिलीज अ लिटल डाय इन द फर्स्ट वॉश.
९. व्हेन ड्रायिंग इन अ टम्बल ड्रायर, द हीट शुड बी लो.

८७ शब्द. कार्डात बसले. संगणकाच्या स्पेलिंग तपासणीत एकही शब्द लाल झाला नाही, कारण प्रत्येक शब्द सुटा पाहिला तर बरोबरच आहे. नमुना खरेदीदाराकडे गेला आणि चार, पाच आणि सहा या वाक्यांखाली रेघ मारून परत आला. शेरा थोडक्यात असा होता की ही वाक्ये काहीतरी भलतेच सांगतात, दुरुस्त करून पाठवा. छपाई तीन दिवसांवर आली होती.

खरेदीदाराने तीनच वाक्ये दाखवली, पण चुकलेली वाक्ये सात होती. फक्त पहिले आणि दुसरे निर्दोष होते. मालकांनी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांना बोलावले, तेव्हा हे ध्यानात आले.

चूक कुठे होती

सरांनी चौथे वाक्य पुढे ठेवले. “यात ओलं कोण आहे?”

“टॉवेल, सर.”

“टॉवेल हा शब्द दाखव बरं वाक्यात.”

शब्द नव्हता. ‘व्हाइल वेट’मधून टॉवेल गेला होता आणि मुख्य वाक्यात त्याच्या जागी ‘इट’ होते. हे ‘इट’ कशाला उद्देशून आहे ते कळायला मार्ग नव्हता. शिवाय ‘डू नॉट लीव्ह’ ही आज्ञा आहे आणि इंग्रजी आज्ञार्थी वाक्याचा सब्जेक्ट न लिहिलेला ‘यू’ असतो. आखूड केलेल्या तुकड्याला स्वतःचा सब्जेक्ट उरत नाही, तो मुख्य वाक्याचा सब्जेक्ट उसना घेतो. म्हणून वाक्याचा अर्थ झाला: तुम्ही ओले असताना त्याला ढिगात टाकू नका. इंग्रजी व्याकरणात याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात.

पाचव्यातही तेच. ‘इफ पुल्ड, कट इट’ म्हणजे तुम्हाला ओढले तर ते कापा. सहावे आणखी घातक, कारण ते हास्यास्पद वाटत नाही, ते सरळ खोटी माहिती देते. तंतूंवर थर चढवतो फॅब्रिक सॉफ्टनर. आखूड वाक्यात मात्र तो थर टॉवेलच चढवतो आणि सॉफ्टनरचा उल्लेखच नाहीसा झाला आहे. ज्या ग्राहकाला सॉफ्टनर वापरू नका हे कळायला हवे, त्याला ते कळणारच नाही.

नवव्या वाक्यात ड्रायरमध्ये वाळवणारे ‘तुम्ही’, पण मुख्य वाक्याचा सब्जेक्ट ‘हीट’. उष्णताच काहीतरी वाळत घालते आहे असा अर्थ निघतो. सातव्यात ‘हॅज बीन वॉश्ड’ होते. टॉवेल धुतला जातो, तो धुत नाही. कृतीप्रमाणे ‘हॅज बीन’ उडवून ‘वॉशिंग’ केल्यावर कर्मणीची कर्तरी झाली. ‘आफ्टर वॉशिंग’ असे लेबलांवर सर्रास दिसते आणि ‘वॉशिंग’ हे तिथे नामासारखे वाचले जात असल्याने खपूनही जाते, हे खरे आहे. पण ‘थ्री ऑर फोर टाइम्स’ जोडले की ते क्रियापद म्हणूनच वाचले जाते आणि वाचक धुणारा शोधू लागतो.

तिसऱ्यात ‘बिकॉज’ राहिला होता. ‘बिकॉज’ने सुरू होणारे उपवाक्य आखूड करताना ‘बिकॉज’ काढावाच लागतो. ‘बिकॉज बीइंग’, ‘बिकॉज मेड’ असे इंग्रजीत चालत नाही. आठव्यात आखूड करणे बरोबर होते, फक्त ‘द कलर्स’ मागे राहिले आणि पुढे अनाथ ‘दे’ आला.

मराठी मनाला ही वाक्ये का खटकली नाहीत

कारकून निष्काळजी नव्हता. त्याने मजकूर पुन्हा पुन्हा वाचला होता आणि प्रत्येक वेळी तो त्याला बरोबर वाटला होता. याचे कारण इंग्रजीच्या पुस्तकात सापडत नाही, ते मराठीत आहे.

‘ओला असताना टॉवेल ढिगात ठेवू नका’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. ‘ओला’ हे पुल्लिंगी एकवचनी रूप ‘टॉवेल’शी जुळते, ‘तुम्ही’शी नाही. चादर असती तर ‘ओली असताना’, पंचे असते तर ‘ओले असताना’. विशेषणाचे रूपच त्याचा धनी सांगते, म्हणून ते वाक्यात कुठेही ठेवले तरी बिघडत नाही. इंग्रजी ‘वेट’ला लिंग नाही, वचन नाही. त्याचा धनी कोण हे फक्त जागेवरून ठरते.

दुसरे कारण धातुसाधितांचे. ‘मी शाळेत जाताना पाऊस आला.’ जाणारा मी, येणारा पाऊस, आणि वाक्य चोख. ‘-ताना’, ‘-ल्यावर’, ‘-ण्यापूर्वी’ यांना दोन वेगळे कर्ते चालतात. पण ‘-ऊन’ला चालत नाहीत. ‘मी घरी जाऊन जेवलो’ ठीक. ‘मी घरी जाऊन आई जेवली’ असे सोलापुरात काय, कुठेही कोणी म्हणणार नाही. आपण ‘व्हाइल गोइंग’चे मनात ‘जाताना’ करतो आणि ‘जाताना’ची मोकळीकही त्याच्यासोबत इंग्रजीत नेतो. इंग्रजीतल्या ‘इंग’च्या तुकड्याचा अर्थ ‘-ताना’चा असला तरी शिस्त ‘-ऊन’ची आहे. सरांनी हे एवढेच सांगितले आणि कारकुनाने स्वतःहून नववे वाक्य खोडले.

तिसरे कारण ‘मला’चे. ‘गाडी चालवताना मला झोप आली’ यात अनुभव घेणारा मी, पण व्याकरणात येते ती झोप. शब्दशः इंग्रजी केले की ‘व्हाइल ड्रायव्हिंग, स्लीप केम टू मी’, आणि गाडी झोप चालवते. ‘व्हाइल ड्रायव्हिंग, आय फेल्ट स्लीपी’ असे मुख्य वाक्यच फिरवावे लागते. भूक, तहान, ताप, राग, आठवण ही सारी मराठीत ‘मला’ घेऊन येतात, म्हणून अशा वाक्यांचे इंग्रजी करताना ही चूक सहज होते.

पर्याय

मालक, कारकून आणि सर यांनी मिळून चार वाटा तपासल्या.

पहिली वाट म्हणजे मूळ १११ शब्दांचीच वाक्ये ठेवून अक्षर लहान करणे. खरेदीदाराच्या अटीत ते बसत नव्हते, आणि न्हाणीघरात ओल्या हातात धरून वाचायच्या कार्डावर बारीक अक्षर तसेही निरुपयोगी.

दुसरी, वाक्ये गाळणे. लूप (टॉवेलवरचा धाग्याचा फास) ओढला जाणे आणि सॉफ्टनरमुळे टॉवेल पाणी न शोषणे या दोन गोष्टी ग्राहकाला सांगायच्याच होत्या. कार्ड मुळात त्यांच्यासाठीच होते.

तिसरी वाट चिन्हांची. कपड्यांवरच्या धुलाईच्या चिन्हांसाठी आयएसओ ३७५८ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे: टब म्हणजे धुणे, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोनातले वर्तुळ म्हणजे टम्बल ड्रायर. ती चिन्हे टॉवेलच्या शिवलेल्या लेबलावर आधीच होती. पण लूप कापा असे सांगणारे चिन्ह नाही. सॉफ्टनरचा परिणाम समजावणारेही नाही.

चौथी, वाक्ये नीट आखूड करणे, आणि जी होत नाहीत ती ओळखून वेगळ्या मार्गाने छोटी करणे. हीच घेतली. तिच्यातला निर्णायक शब्द ‘ओळखून’ आहे. कारकुनाची मूळ समजूत अशी होती की प्रत्येक ॲडव्हर्ब क्लॉज आखूड होतोच. होत नाही.

काय केले

सर्वांत आधी ‘कर्ता’ हा शब्द बाजूला ठेवला. शाळेत कर्ता म्हणजे क्रिया करणारा असे शिकवतात. त्यामुळे ‘द टॉवेल हॅज बीन वॉश्ड’मधला कर्ता कोण असे विचारले की उत्तर येते, धुणारा. इंग्रजीच्या नियमाला मात्र व्याकरणातला सब्जेक्ट लागतो, आणि तो इथे टॉवेल आहे. या एका शब्दामुळे कर्मणी वाक्यांत गोंधळ होतो, म्हणून सगळीकडे ‘सब्जेक्ट’ म्हणायचे ठरले.

नंतर जुन्या कृतीचा क्रम उलटा केला. आधी मुख्य वाक्य पाहायचे, उपवाक्याला हात नंतर लावायचा.

मुख्य वाक्याच्या सब्जेक्टखाली रेघ. आज्ञार्थ असेल तर पेन्सिलीने पुढे ‘यू’ लिहायचे. ही सवय नसेल तर कार्डासारख्या मजकुरात निम्म्या चुका पकडल्याच जात नाहीत. मग उपवाक्याच्या सब्जेक्टखाली रेघ. दोन्ही रेघा एकाच व्यक्तीकडे किंवा वस्तूकडे बोट दाखवत नसतील तर तिथेच थांबायचे. दाखवत असतील तर उपवाक्यातले नाम उचलून मुख्य वाक्यात ‘इट’ किंवा ‘दे’च्या जागी बसवायचे. मग क्रियापद: सब्जेक्ट क्रिया करतो का? असेल तर ‘इंग’. त्याच्यावर क्रिया होते का? असेल तर तिसरे रूप, किंवा ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘सिन्स’नंतर ‘बीइंग’ आणि तिसरे रूप. नुसते ‘बी’ आणि विशेषण असेल तर विशेषण तेवढे ठेवायचे. नकार असेल तर ‘नॉट’ आधी: ‘नॉट नोइंग’, ‘नोइंग नॉट’ नव्हे.

शेवटी उभयान्वयी अव्यय. ‘बिफोर’, ‘आफ्टर’ आणि काळ दाखवणारा ‘सिन्स’ ठेवावेच लागतात. ते काढले तर आधी काय आणि नंतर काय हेच हरवते. ‘व्हेन’, ‘व्हाइल’, ‘दो’, ‘ऑलदो’ सहसा ठेवतात, ‘इफ’ आणि ‘अनलेस’ ठेवतातच. ‘बिकॉज’ आणि कारण दाखवणारे ‘सिन्स’, ‘ॲज’ जातात. ‘ॲज सून ॲज’च्या जागी ‘ऑन’ किंवा ‘अपॉन’ येते: ‘ॲज सून ॲज ही रीच्ड सोलापूर, ही कॉल्ड’ याचे ‘ऑन रीचिंग सोलापूर, ही कॉल्ड’.

तपासणीसाठी एकच प्रश्न ठेवला. तुकड्याला ‘कोण?’ किंवा ‘काय?’ विचारा, उत्तर मुख्य वाक्याचा सब्जेक्ट हेच असले पाहिजे, आज्ञार्थात पेन्सिलीने लिहिलेला ‘यू’.

कार्डाला हात लावण्याआधी सरांनी सरावासाठी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरची वाक्ये घेतली. कोटणीसांचा जन्म सोलापुरात १९१० साली झाला, त्यामुळे तपशील कारकुनाला शाळेपासून ठाऊक होते आणि लक्ष पूर्णपणे रचनेवर ठेवता आले. ‘बिफोर ही वेंट टू चायना इन १९३८, डॉ. कोटणीस हॅड स्टडीड मेडिसिन’ याचे ‘बिफोर गोइंग टू चायना इन १९३८, डॉ. कोटणीस हॅड स्टडीड मेडिसिन’ होते. ‘व्हाइल डॉ. कोटणीस वॉज वर्किंग इन चायना, द सेकंड वर्ल्ड वॉर ब्रोक आउट’ याला मात्र हात लावायचा नाही, नाही तर महायुद्धच चीनमध्ये काम करू लागते. ‘व्हेन ही डाइड इन १९४२, ही वॉज थर्टी-टू’ यात दोन्ही सब्जेक्ट एकच आहेत, तरीही ‘व्हेन डाइंग’ करता येत नाही. घडून गेलेली घटना त्यामुळे चालू प्रक्रिया बनते. सब्जेक्ट जुळला म्हणजे दार उघडले एवढेच, आत जायचे की नाही हे अर्थ ठरवतो. हे तिसरे उदाहरण अनेक शिकवण्यांत घेतलेच जात नाही आणि त्याची फार गरज आहे.

निर्णयाचे तीन क्षण

मजकूर दुरुस्त करताना तीन ठिकाणी खरोखर निवड करावी लागली.

चौथे वाक्य. सब्जेक्ट वेगळे, म्हणून आखूड होत नाही. पूर्ण ठेवले तर १२ शब्द. सरांनी सुचवले की क्लॉजमधले ‘वेट’ नामाच्या पुढे विशेषण म्हणून आणावे: ‘डू नॉट लीव्ह वेट टॉवेल्स इन अ पाइल’. आठ शब्द, क्लॉज नाही, फ्रेज नाही, शंका नाही. कारकुनाच्या चुकलेल्या वाक्यापेक्षाही हे एका शब्दाने लहान आहे.

सहावे वाक्य. ‘कोटिंग द फायबर्स, फॅब्रिक सॉफ्टनर मेक्स द टॉवेल लेस ॲब्झॉर्बंट’ हे बरोबर होते. पण घाईत वाचणाऱ्याला सॉफ्टनर हा शब्द पहिला दिसायला हवा. म्हणून परिणाम मागे टाकला: ‘फॅब्रिक सॉफ्टनर कोट्स द फायबर्स, मेकिंग द टॉवेल लेस ॲब्झॉर्बंट’. दोन्ही दहा शब्दांचीच आहेत. इथे व्याकरणाने दोन दारे उघडी ठेवली होती आणि वाचकाच्या सोयीने एक निवडले.

पाचवे वाक्य. ‘कट पुल्ड लूप्स विथ सिझर्स’ असे पाच शब्दांत मावले असते. पण ‘पुल्ड लूप’ म्हणजे काय हे पहिल्यांदा टॉवेल घेणाऱ्याला कळेलच असे नाही. ‘इफ अ लूप गेट्स पुल्ड’ मध्ये घटना दिसते. जागा होती, म्हणून मूळ नऊ शब्दांचे वाक्य जसेच्या तसे राहू दिले. आखूड करता येत नाही तिथे पूर्ण वाक्य ठेवणे हाही निर्णय असतो, हार नव्हे.

उरलेली वाक्ये पटापट झाली. नवव्यात मुख्य वाक्यालाच आज्ञार्थ केले: ‘व्हेन टम्बल ड्रायिंग, यूज लो हीट’. वाळवणारा आणि उष्णता ठरवणारा दोन्ही ‘यू’. सातव्यात ‘आफ्टर बीइंग वॉश्ड थ्री ऑर फोर टाइम्स’ शक्य होते, पण ‘आफ्टर थ्री ऑर फोर वॉशेस, द टॉवेल बिकम्स मोअर ॲब्झॉर्बंट’ जास्त सुटसुटीत. नाम घातले की सब्जेक्टचा प्रश्नच उरत नाही. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ शब्दयोगी म्हणूनही चालतात याचा हा फायदा. तीच युक्ती पहिल्यावर: ‘बिफोर फर्स्ट यूज, वॉश सेपरेटली’. तिसरे ‘मेड ऑफ प्युअर कॉटन, द टॉवेल मे श्रिंक स्लाइटली इन द फर्स्ट वॉश’ झाले, आठव्यात ‘दे’च्या जागी ‘द कलर्स’ आले आणि दुसरे होते तसेच राहिले.

निकाल

नवा मजकूर ८१ शब्दांचा झाला. चुकीची कृती ८७ वर थांबली होती. अर्थ सांभाळून केलेली काटछाट तिच्याहून सहा शब्दांनी लहान निघाली. मर्यादेखाली नऊ शब्द शिल्लक राहिले आणि छपाई वेळेवर झाली.

खरेदीदाराने मजकूर मान्य केला, एक शब्द बदलून. आठव्या वाक्यातल्या ‘फास्ट’चे त्याने ‘कलरफास्ट’ केले. बदल योग्य आहे आणि त्याचे कारण आखूड करण्याशीच जोडलेले आहे. ‘द कलर्स आर फास्ट’ मध्ये शेजारी रंग असल्याने ‘फास्ट’ म्हणजे पक्का हे लगेच कळते. ‘ऑलदो फास्ट’ असे एकटे पुढे आले की वाचक आधी ‘वेगवान’ असा अर्थ घेतो आणि स्वल्पविरामानंतर मागे फिरतो. सब्जेक्ट काढला की विशेषणाचा आधार जातो, म्हणून दोन अर्थांचे विशेषण तिथे टाळावे. सरांच्या तपासणीच्या प्रश्नात हा धोका पकडला जात नव्हता. नंतर तो तपासणीच्या कागदावर वेगळा लिहिला गेला.

वेगळे काय करता आले असते

शब्दांची मर्यादा पाहून थेट क्लॉज कापायला घेण्याऐवजी आधी मजकुराची मांडणी तपासायला हवी होती. पहिले वाक्य वेगळे धुवायला सांगते, आठवे त्याचे कारण सांगते, आणि दोन्हींच्या मध्ये सहा वाक्ये आहेत. ती शेजारी आणली असती तर ‘इन द फर्स्ट वॉश’ हे शब्द दोनदा लिहावे लागले नसते. नववे वाक्य तर लेबलावरच्या चिन्हाने सांगितलेलेच होते: चौकोनातल्या वर्तुळात एक ठिपका म्हणजे कमी उष्णता.

दुसरे, मजकूर बाहेर पाठवण्यापूर्वी तो न लिहिलेल्या माणसाने वाचायला हवा होता, आणि वाचणाऱ्याला वर दिलेला एकच प्रश्न विचारायला सांगायला हवे होते. इंग्रजी उत्तम येण्याची गरज नाही. ‘ओलं कोण?’ हे पॅकिंग विभागातल्या कोणीही विचारले असते.

शिकवणीपुरते सांगायचे तर, सराव वाक्यांत आखूड न होणारी वाक्ये मिसळली पाहिजेत. दहात चार तरी अशी असावीत की ज्यांचे उत्तर ‘बदलता येत नाही’ असे आहे, आणि त्याला पूर्ण गुण असावेत. सोबत ‘इफ पॉसिबल’, ‘इफ नेसेसरी’, ‘अनलेस अदरवाइज स्टेटेड’ असे ठरलेले तुकडेही दाखवावेत. त्यांत गळलेला सब्जेक्ट ‘इट’ असतो, तो मुख्य वाक्याशी जुळत नाही, तरी ते रूढ आहेत. विद्यार्थ्याला ते आधी ठाऊक नसतील तर नियम कळल्यावर तो त्यांनाही चूक समजून खोडत बसतो.

पाचव्या वाक्याबद्दल मात्र निर्णय अर्धवट राहिला. टेरी टॉवेल विणलेला असतो, त्यामुळे एक लूप कात्रीने बरोबरीने कापला तर बाकीचे उसवत नाहीत, पण तोच लूप हाताने ओढला तर ओळच्या ओळ खेचली जाते. ग्राहक नेमके ओढतो. नऊ शब्द शिल्लक असताना ‘नेव्हर पुल इट’ हे तीन शब्द जोडायचे राहून गेले. पुढच्या छपाईसाठी ते जोडले आहेत आणि नववे वाक्य काढण्याचा प्रस्ताव खरेदीदाराकडे पाठवला आहे. तो मान्य झाला तर कार्ड ७८ शब्दांचे होईल.